प्रकल्प नोंदी: स्विफ्ट १.३ मध्ये वाइडबँड सेन्सर आणि एएफआर गेज

गाडी: मारुती स्विफ्ट १.३ पेट्रोल, जी१३बीबी इंजिन, १२९८ सीसी. झालेले बदल: ४-२-१ हेडर (एक्झॉस्टचे चार पाइप आधी दोनात, मग एकात), मोकळा एअर फिल्टर, किंचित मोठा कॅम, स्पीडुइनो ईसीयू (इंजिनाचं पेट्रोल ठरवणारा संगणक). टर्बो नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, धूर स्वच्छ करणारा डबा) जागेवर आहे आणि तिथेच राहणार. कामाची जागा: अंबड, नाशिक. एएफआर म्हणजे हवा आणि इंधन यांचं वजनी प्रमाण. लॅम्डा म्हणजे तेच प्रमाण भागिले इंधन पूर्ण जळायला लागणारं प्रमाण: १ च्या खाली रिच (पेट्रोल जास्त), वर लीन (पेट्रोल कमी).

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

डॅशवरचा दहा एलईडीचा जुना गेज काढला. तो कंपनीच्या चार वायरवाल्या नॅरोबँड सेन्सरवर चालत होता. झिर्कोनियाचा हा सेन्सर सायलेन्सरमधला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांतला फरक व्होल्टमध्ये सांगतो. लॅम्डा १ च्या अलीकडे ०.८-०.९ व्होल्ट, पलीकडे ०.१, आणि मधला उतार कड्यासारखा. ०.४५ व्होल्टच्या वर रिच, खाली लीन, एवढंच तो खात्रीने सांगू शकतो. १२.५ आणि १३.५ एएफआरमध्ये व्होल्टेजचा फरक जेमतेम काही मिलिव्होल्टचा, आणि सेन्सर तापला की तेवढा फरक तापमानानेच पडतो. फुल थ्रॉटलचं ट्युनिंग त्या दिव्यांवर करायचं म्हणजे गणपतीच्या माळा बघून व्होल्टेज सांगण्यासारखं आहे.

नवीन सामान: बॉशचा एलएसयू ४.९ वाइडबँड सेन्सर (नुसतं रिच-लीन नाही, लॅम्डाचा आकडा देणारा) आणि एईएम एक्स-सिरीजचा ५२ मिमी गेज. या सेन्सरमध्ये दोन सेल असतात. एक सेल मोजतो. दुसरा विद्युतप्रवाहाच्या जोरावर ऑक्सिजन आत ढकलतो किंवा बाहेर ओढतो, म्हणजे मोजणाऱ्या सेलवर कायम ४५० मिलिव्होल्ट राहावेत. त्यासाठी किती प्रवाह लागला, त्यावरून लॅम्डा कळतो. हे सगळं सेन्सर साधारण ७८० अंशांवर असेल तरच चालतं, म्हणून आतला हीटर आणि तो सांभाळणारा कंट्रोलर दोन्ही हवेत. सेन्सर थेट ईसीयूला जोडता येत नाही.

सेन्सर पेटीतून काढताना एकच काळजी: फरशीवर पडला तर तो बाद धरायचा. बाहेरून काहीच दिसत नाही, आतला सिरॅमिक तडकलेला असतो.

९ नोव्हेंबर, रविवार

सेन्सरचा बंग, म्हणजे पाइपला वेल्ड करायचा आटेवाला नट. एसएस ३०४ चा, बाहेरून २८ मिमी, आतले आटे एम१८ × १.५. लेथवाल्याला पिच तोंडी सांगून भागत नाही, जुना ऑक्सिजन सेन्सर सोबत न्यावा. १.५ ऐवजी दुसऱ्या पिचचे आटे पडले तर सेन्सर दोन फेरे सहज जातो आणि तिसऱ्याला आटे खातो.

जागा: चारही पाइप एकत्र आल्यानंतर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हपासून पाइपच्या लांबीने ७५ सेंमीवर, कॅटच्या आधी. फार जवळ घेतला तर सेन्सरचा षटकोन ६०० अंशांच्या वर जातो, आणि एकाच सिलिंडरचा वायू त्याला जास्त दिसतो. कॅटच्या मागे बसवला तर कॅट उरलेला ऑक्सिजन वापरून टाकतो, मग आकडा गुळमुळीत येतो. वायरीची बाजू आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर हवी. नाहीतर सकाळचं साचलेलं पाणी सेन्सरच्या टोकावर जमतं, आणि तापलेल्या सिरॅमिकवर तो थेंब पडला की संपलं. घड्याळाच्या दहाच्या काट्याच्या दिशेला बसवला. बरोबर बाराला बसवला तर वर फ्लोअरखाली कोंडलेल्या उष्णतेत वायरचं रबर भाजतं.

हेडर एसएस, बंग एसएस, म्हणून टिग वेल्डिंगला ३०८एल ची काडी. पाइप साध्या लोखंडाचा असता तर ३०९एल घेतली असती. आटे आकसू नयेत म्हणून वेल्डिंगच्या वेळी बंगमध्ये जुन्या सेन्सरचं धूड घट्ट बसवून ठेवलं. नवीन सेन्सर लावून वेल्ड करू नये, हे सांगायची गरज नसावी. पण तसे भाजलेले सेन्सर गॅरेजांमध्ये पाहायला मिळतात. पाइपच्या आत आर्गॉन सोडला नाही तर वेल्डच्या मागे काळी खडबडीत साखर तयार होते, आणि ती सुटून पुढे कॅटमध्ये अडकते.

सेन्सर ५० न्यूटन-मीटरला आवळला. आट्यांवर कंपनीने लावलेलं ग्रीस पुरेसं आहे, वरून काही लावलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वायरिंग. गेजला पॉझिटिव्ह इग्निशनवरून देण्याची सर्रास पद्धत आहे, ती टाळली. चावी फिरवली आणि इंजिन चालू केलं नाही, तर हीटर थंड, ओलसर पाइपमध्ये तापत बसतो. म्हणून वेगळा रिले लावला आणि तो फ्युएल पंपाच्या लाइनवरून चालवला. पंप सुरुवातीला दोन सेकंद प्राइम होतो तेवढा वेळ हीटरला वीज मिळते, पुढे इंजिन फिरू लागल्यावरच. १० अँपिअरचा फ्यूज.

उलट चूकही तितकीच महाग पडते: सेन्सर पाइपमध्ये आहे आणि गेजचा फ्यूज काढलेला, अशी गाडी चालवायची नाही. हीटर बंद असला की सेन्सरवर काजळी बसते आणि ती पुन्हा जळून जात नाही. गेज दुरुस्तीला गेला तर सेन्सर काढून एम१८ चा प्लग लावायचा.

सेन्सरची वायर डॅशपर्यंत पुरत नव्हती. ती कापून वाढवली नाही, मधली हार्नेस लांब घेतली. एलएसयू ४.९ च्या कनेक्टरमध्ये त्या-त्या सेन्सरसाठी कारखान्यात जुळवलेला रेझिस्टर असतो. कनेक्टर तोडला म्हणजे सेन्सरचं कॅलिब्रेशन तोडलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस सगळा मल्टिमीटरसोबत. पेट्रोलला हात लावण्याआधी ईसीयूला दिसणारा आकडा आणि गेजवरचा आकडा एकच आहे का, हे बघायचं होतं.

गेजच्या ०-५ व्होल्ट आउटपुटचं सूत्र: एएफआर = २.३७५ × व्होल्ट + ७.३१२५. म्हणजे ०.५ व्होल्टला ८.५ आणि ४.५ व्होल्टला १८. ट्यूनरस्टुडिओमध्ये (ईसीयू ट्यून करायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) कस्टम लिनिअर वाइडबँड निवडून हे दोन बिंदू भरले. यादीतला मिळताजुळता गेज निवडून पुढे जायचा मोह होतो, पण त्याच कंपनीच्या जुन्या गेजचं सूत्र वेगळं आहे (२ × व्होल्ट + १०). ते चुकून निवडलं तर १४.६५ च्या जागी लॉगमध्ये १६.२ दिसतं आणि माणूस पेट्रोल ओतत सुटतो.

गेजवर १४.७, लॅपटॉपवर १४.९. हेडलाइट, ब्लोअर आणि मागची काच तापवणारी जाळी बंद केली की दोन्ही सारखे. गेजचा अर्थ (ग्राउंड) डॅशच्या पट्टीला होता, ईसीयूचा इंजिन ब्लॉकला. सगळं चालू असताना दोन अर्थांमध्ये मोजले ०.०८ व्होल्ट. ०.०८ × २.३७५ = ०.१९. हिशोब जुळला. गेजची काळी वायर डॅशवरून काढून ईसीयूची पॉवर अर्थ ब्लॉकवर जिथे जाते त्याच बोल्टवर आणली, आणि अॅनलॉग सिग्नलची निगेटिव्ह ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला. आता फरक ०.००५ व्होल्टच्या आत. हीटरचा प्रवाह सेन्सर ग्राउंडमधून जाऊ द्यायचा नाही. तसं झालं तर कूलंटचा आणि टीपीएसचा (थ्रॉटल किती उघडा ते सांगणारा सेन्सर) आकडाही थरथरू लागतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पंपावरचं पेट्रोल आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. खात्री करायची सोपी रीत: १०० मिलीच्या नळकांड्यात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, झाकण लावून हलवायचं आणि दहा मिनिटं ठेवायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा थर १० वरून साधारण २८ मिलीला आला. वाढलेले १८ मिली म्हणजे ९० चे २० टक्के. उघड्यावर, आगीपासून लांब करायचं काम.

याचा गेजशी संबंध असा. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. ई२० मध्ये वजनाने इथेनॉल सुमारे २१ टक्के येतं, म्हणून त्याचा आकडा १३.५ च्या आसपास. पण सेन्सरला इंधन दिसतच नाही, त्याला दिसतो उरलेला ऑक्सिजन. तो लॅम्डा मोजतो आणि गेज त्याला १४.६५ ने गुणून डायलवर दाखवतो. ई२० बरोबर जळत असेल तेव्हा गेज १४.६५ च दाखवणार, खरं प्रमाण १३.५ असलं तरी. त्यामुळे 'ई२० आहे म्हणून गेजवर १३.५ आणा' हा सल्ला ऐकला की समजावं, क्रूझिंगला (एकसारख्या वेगाने जाताना) ८ टक्के पेट्रोल फुकट जाणार आहे.

गेज लॅम्डावर वळवला. पुढच्या नोंदींमध्ये सगळे आकडे लॅम्डामध्येच. ईसीयूच्या रिक्वायर्ड फ्युएलच्या हिशोबात मात्र १३.५ भरलं, कारण तिथे इंजेक्टरने खरोखर किती इंधन सोडायचं हा प्रश्न असतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

आयडलला ८५० आरपीएमवर लॅम्डा १.०८. तीन हजारावर धरलं की ०.९९. ईसीयूच्या इंधन टेबलातल्या आयडलच्या खणांत पेट्रोल ८ टक्के वाढवलं: गेज १.०१, पण इंजिन जड चालायला लागलं आणि धुराने डोळे चुरचुरले. म्हणजे आकडा खोटा.

आयडलला लीन आणि वर बरोबर, हे एक्झॉस्टच्या गळतीचं ठरलेलं लक्षण. दोन स्फोटांच्या मधल्या क्षणी पाइपमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि फटीतून ताजी हवा आत ओढली जाते. आयडलला वायूच कमी, म्हणून त्या हवेचा वाटा मोठा. लोडवर दाब बाहेर ढकलणारा असतो आणि गळती लपते. कानाला फटफट ऐकू येईल इतकी फट असायची गरज नाही.

इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरचा फुंकणारा पाइप कापडाने बांधला आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. हेडरच्या फ्लॅंजवर तिसऱ्या पोर्टपाशी बुडबुडे. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लॅंज वाकली होती. सरळपट्टी ठेवली तर ०.३ मिमीचा फीलर गेज खालून जात होता. फ्लॅंज घासून सपाट केली, नवीन मल्टिलेयर स्टील गॅस्केट, नट मधून बाहेरच्या दिशेने दोन टप्प्यांत आवळले. सिलिकॉन लावलं नाही. साध्या आरटीव्ही सिलिकॉनची वाफ सेन्सरवर पांढरा थर चढवते, मग तो हळू आणि चुकीचं बोलतो. टॅपेट कव्हरला लावलेलं सिलिकॉनसुद्धा ब्रीदरमधून इंजिनात आणि तिथून सेन्सरवर पोचतं. लावायचंच असेल तर सेन्सरसेफ लिहिलेलं, आणि पूर्ण वाळवून.

आयडल आता ०.९३. वाढवलेले ८ टक्के काढले: १.००. या कॅमला मात्र ०.९७ वर इंजिन शांत चालतं, तिथेच ठेवलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे साडेसहा, त्र्यंबक रोड. ईसीयूची लॅम्डा दुरुस्ती (सेन्सर बघून पेट्रोल आपोआप कमी-जास्त करणं) पूर्ण बंद. ती चालू ठेवून टेबल सुधारणं म्हणजे कुणीतरी वजनकाट्यावर बोट ठेवलेलं असताना माल मोजणं. थ्रॉटल हळू, प्रत्येक लोडवर तीन-चार सेकंद स्थिर. लॅपटॉप बाजूच्या सीटवरच्याकडे. चालवणाऱ्याने गेज बघायचाच नाही, लॉग नंतर वाचायचा.

टेबलच्या दुरुस्तीचा हिशोब (व्हीई म्हणजे सिलिंडर हवेने किती टक्के भरतो तो आकडा, त्यावरून ईसीयू पेट्रोल ठरवतो): नवा व्हीई = जुना व्हीई × मोजलेला लॅम्डा ÷ हवा असलेला लॅम्डा. २५०० आरपीएम, इनटेकमधला दाब ५० किलोपास्कल, या खणात ६२ होतं, मोजला १.०५, हवा १.००, म्हणून ६५. शेजारचे खणही त्याच प्रमाणात ओढले. एकच खण उंच राहिला की गाडी तिथून जाताना झटका देते.

लॉग वाचताना उशीर ध्यानात ठेवायचा. वायूला व्हॉल्व्हपासून सेन्सरपर्यंत यायला आणि सेन्सरला बोलायला आयडलला पाव सेकंदाहून जास्त लागतो, पाच हजारावर सेकंदाचा दहावा भागही नाही. गिअर बदलताना दिसणारे आकडे भलत्याच खणाचे असतात, ते सोडून दिले. थ्रॉटल पूर्ण सोडल्यावर पेट्रोल कट होतं तेव्हा गेज लीनच्या टोकाला जाऊन टेकतो. सेन्सर जिवंत असल्याची ती फुकटातली खूण.

परत येताना वेगळाच प्रकार. नाशिकच्या द्वारका चौकाच्या गर्दीत दहा मिनिटं अडकून निघाल्यावर तेच खण, पण सगळीकडे १.०५-१.०६. सकाळी १.०० होते. लॉगमध्ये इनटेक हवेचं तापमान ६१ अंश. हवेचा सेन्सर अॅल्युमिनियमच्या प्लेनममध्ये (थ्रॉटलनंतरची हवेची पेटी), तो इंजिनचा धातू मोजत होता. खरी हवा ४० ची धरली तर ३१३ ÷ ३३४ = ०.९४, म्हणजे ईसीयू हवा विरळ समजून ६ टक्के पेट्रोल कापत होता. सेन्सर एअर फिल्टरनंतरच्या प्लॅस्टिक पाइपमध्ये हलवला. दुपारी पुन्हा तीच गर्दी, तीच तपासणी: १.०१. व्हीई टेबलला हात लावला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रिच झाली असती.

३० नोव्हेंबर, रविवार

फुल थ्रॉटल. मुंबई-आग्रा महामार्ग, विल्होळी ओलांडून वाडीवऱ्ह्याकडे, पहाटे रस्ता मोकळा असताना. दुसरा गिअर, २५०० ते ६०००. या गिअरमध्ये ६००० म्हणजे साधारण ९० चा वेग, त्यावर जायची गरज नाही. लक्ष्य ०.८७. सुरुवात मुद्दाम रिच बाजूने, ०.८२ पासून, आणि दर फेरीत दोन टक्के कमी. लीनकडून रिचकडे यायचं नसतं, चुकलं तर पिस्टन वाचत नाही.

४८०० पर्यंत ०.८६-०.८८. ५२०० ला अचानक १.०४, खालीवर उड्या मारत. पाच टक्के पेट्रोल वाढवून दुसरी फेरी: तरीही १.०३, आणि इंजिन आणखी अडखळलं.

पेट्रोल वाढवून आकडा हलत नाही, उलट गाडी बिघडते, तेव्हा प्रश्न ठिणगीचा. चार्ज (सिलिंडरमधलं मिश्रण) जळलाच नाही तर त्यातला ऑक्सिजन जसाच्या तसा सेन्सरपाशी येतो. न जळलेलं पेट्रोलही सोबत येतं, पण ऑक्सिजन सेन्सरवर भारी पडतो आणि तो लीन म्हणतो. खरा लीनपणा हळूहळू वाढत जातो आणि रेघ गुळगुळीत असते. मिसफायर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

प्लग काढले. गॅप झिजून १.३ मिमी, दाबलेल्या हवेत त्यातून ठिणगी मारायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं आणि ते फुल लोडवर अपुरं पडतं. नवीन प्लग, गॅप १.० मिमी. तिसरी फेरी: ५२०० ला ०.८५, सरळ रेघ. वाढवलेले पाच टक्के काढल्यावर ०.८९, मग दोन टक्के परत देऊन ०.८७.

७ डिसेंबर, रविवार

कसारा घाट. यामागचं कारण खास नाशिकचं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, इथे हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास. फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीचा अडथळा धरून फुल थ्रॉटलला मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) ९२-९३ च्या वर जात नाही. टेबलची १०० किलोपास्कलची ओळ नाशिकात कितीही फिरलं तरी भरली जात नाही. गाडी मुंबईला गेली की पहिल्याच फुल थ्रॉटलला इंजिन कधी न तपासलेल्या खणांत शिरतं, तेही सगळ्यांत जास्त लोडवर. वरच्या ओळी आधी अंदाजाने, खालच्या ओळींचा चढ पुढे ओढून भरल्या आणि तीन टक्के जास्त ठेवल्या.

घाट उतरून शहापूरच्या पुढे. तिथे गाडी बंद करून पुन्हा चालू केली, कारण वेगळा बॅरो सेन्सर नसेल तर स्पीडुइनो बाहेरचा दाब चावी लावल्याच्या क्षणी मॅप सेन्सरवरून घेतो. तसं न करता लॉग केला असता तर नाशिकचाच दाब धरून बसला असता. मॅप ९८ पर्यंत गेला, लॅम्डा ०.८४-०.८५, मुद्दाम ठेवलेल्या तीन टक्क्यांचा हिशोब बसला. तेवढे काढून ०.८७.

क्रूझिंगच्या खणांत खाली नाशिकपेक्षा दीड-दोन टक्के रिच दिसलं. बाहेरचा दाब जास्त असला की जळलेला वायू सिलिंडरमध्ये थोडा जास्त उरतो आणि त्याच मॅपला ताजी हवा कमी शिरते. बॅरो करेक्शनच्या रेषेत तेवढाच उतार दिला.

परतीचा चढ फार कामाचा. तिसरा गिअर, ३०००-३५०० आरपीएम, ७० ते ९० किलोपास्कल मिनिटभर टिकून राहतं. सपाट रस्त्यावर हे खण नुसते ओलांडले जातात.

१३ डिसेंबर, शनिवार

पीयूसी केंद्रावर चार-गॅस अॅनलायझरशी ताळा. २५०० आरपीएम, इंजिन पूर्ण तापलेलं: गेज ०.९९, अॅनलायझर १.००. अॅनलायझर शेपटीला, कॅटच्या मागे मोजतो तरी तुलना चालते, कारण तो चारही वायूंवरून लॅम्डा काढतो आणि कॅट वायूंची फक्त अदलाबदल करतो. सायलेन्सरला मागे भोक असेल तर मात्र अॅनलायझर लीन सांगणार.

आता लॅम्डा दुरुस्ती चालू: कूलंट ७० अंशांच्या वर, थ्रॉटल अर्ध्याहून कमी असतानाच, मर्यादा ±६ टक्के. मर्यादा २० ठेवली तर सेन्सर मेल्याच्या दिवशी ईसीयू त्याच्या मागे २० टक्के वाहवत जाईल. फुल थ्रॉटलला दुरुस्ती नाही. त्याऐवजी मॅप ८५ च्या वर आणि लॅम्डा ०.९५ च्या वर गेला की डॅशवर लाल दिवा, प्रोग्रॅमेबल आउटपुटवरून. चाचणीसाठी गेजचा सिग्नल काढून पोटेन्शिओमीटरने २.९ व्होल्ट दिले आणि मॅपची अट तेवढ्यापुरती २० वर आणली, दिवा लागला. अट परत ८५ केली.

उरलेलं काम: थ्रॉटल झटकन दाबल्यावर क्षणभर १.१५ दिसतो, अॅक्सिलरेशन एन्रिचमेंट (थ्रॉटल दाबताना क्षणभर जादा पेट्रोल) लावायचं आहे. थंडीतल्या सुरुवातीचं टेबल पहाटेच लॉग करता येईल, गाडी रात्रभर उघड्यावर ठेवून.